सहा आठवड्यांत पद्मासन

२ मार्च, सोमवार. पहाटे ५.१०

आजपासून सुरुवात. नवी वही, नवा पेन, नवी चटई. चटई खरं तर हिची जुनी आहे, पण मला पहिल्यांदाच मिळाली म्हणजे माझ्या लेखी नवीच.

मुख्याध्यापिकाबाईंनी सहा आठवड्यांची रजा दिली आहे. स्टाफरूममध्ये कोणाला काय बोलायचं ते बोलू दे, मी तिला ऑफ-सीझन कॅम्प समजतो. बाई म्हणाल्या, सर, घरी थांबा, योग करा, ध्यान करा, डोकं शांत करून या. डॉक्टरही तेच म्हणाले. ब्लडप्रेशर एकशे साठ-शंभर. दोघांचं इतकं एकमत म्हणजे दोघं आधी फोनवर बोलले असणार. असो.

सव्वीस वर्षं पी.टी. शिकवतो आहे. माझ्या हाताखालची अकरा मुलं विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. त्या अनुभवावरून सांगतो, योगवाल्यांचं ट्रेनिंग साफ चुकतं. माणसं वीस-वीस वर्षं तेच आसन करतात. टार्गेट नाही, टायमिंग नाही, चार्ट नाही. धावपटूला असं मोकळं सोडलं तर तो जन्मभर वॉर्म-अपच करत बसेल.

माझं शेड्यूल: दोन आठवडे पाया, दोन आठवडे चढण, एक आठवडा शिखर, आणि शेवटच्या आठवड्यात स्पर्धेआधी करतात तसा सराव कमी कमी. टार्गेट: चौथ्या आठवड्यात पूर्ण पद्मासन, सहाव्यात सलग बेचाळीस मिनिटं ध्यान. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची, म्हणून किलोमीटरला एक मिनिट. हे सुचलं तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं.

नियम एकच. रोजचं टायमिंग खरं लिहायचं.

ज्या प्रकारावरून रजा मिळाली त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. ही ट्रेनिंग डायरी आहे.

३ मार्च, मंगळवार

ही नऊ वर्षं ज्या योगवर्गाला जाते तिथे आज मीही गेलो. कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर हॉल आहे. खालून गरम कापडाचा वास येतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील.

मी ताईंना सिलॅबस विचारला. त्या म्हणाल्या, आधी श्वास घ्या. मी विचारलं, किती सेट? त्या म्हणाल्या, श्वासाला सेट नसतात. नोंद: कोच प्रेमळ, पण प्लॅनिंगमध्ये कच्ची.

शेजारच्या चटईवर टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या एक बाई होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणतात. पाय पसरून पुढे वाकायचं आसन होतं. ऑपरेटरबाईंचं कपाळ गुडघ्याला टेकलं आणि त्या तिथेच थांबल्या, जणू फोन लागायची वाट बघताहेत. माझे हात नडगीच्या मध्यापर्यंत गेले. ताईंना समजावून सांगितलं की धावपटूंच्या मांडीमागच्या शिरा ताठच असतात, तो दोष नाही, ती इंजिनाची बांधणी आहे. ताई हसल्या. पटलं असावं.

शेवटी शवासन. हिचं म्हणणं, मी घोरलो. माझं म्हणणं, डीप रिकव्हरी.

५ मार्च, गुरुवार. पहाटे ५.३०

ध्यान: ४ मिनिटं २० सेकंद. स्टॉपवॉच अकरा वेळा बघितलं. तो वेळ वजा केला नाही, कारण बघताना डोळे अर्धेच उघडले होते.

ही दारातून म्हणाली, अहो, ध्यानाला शिट्टी कशाला? तेव्हा लक्षात आलं की गळ्यात शिट्टी आहे. सवय.

६ मार्च, शुक्रवार

मोठा शोध. इंटरव्हल ट्रेनिंग!

धावपटूला सलग दमवत नाहीत. चारशे मीटर पळवतात, थोडं थांबवतात, पुन्हा पळवतात. ध्यानाचंही तसंच करायचं. एक मिनिट मन रिकामं, मग तीस सेकंद विश्रांती. त्या तीस सेकंदांत जे काही विचार करायचे असतील ते भराभर उरकून घ्यायचे, म्हणजे पुढचं मिनिट मन आपोआप रिकामं. असे आठ राउंड. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

पहिले तीन राउंड झकास. विश्रांतीत गॅस सिलिंडर, भाच्याचं लग्न, बुटांची लेस असे विचार केले. चौथ्या विश्रांतीत शाळेतली ती मुलगी डोक्यात आली. तीस सेकंदांची विश्रांती सहा मिनिटं चालली. राउंड बाद. चार्टवर आठ लिहिले, कारण बाकीचे चार मी सहज करू शकलो असतो.

९ मार्च, सोमवार

दर आठवड्याला सराव दहा टक्क्यांनी वाढवायचा, असा धावण्याचा नियम आहे. वर्गात सगळे बारा सूर्यनमस्कार घालतात. बाराचे दहा टक्के म्हणजे एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक दोन सूर्यनमस्कार कसा घालणार? म्हणून चाळीस घातले.

एकतिसाव्याला मनगट दुखायला लागलं. ताई म्हणाल्या, दुखलं की थांबायचं, इथे आपण कोणाला हरवायला येत नाही. मी म्हटलं, ताई, दुखतंय म्हणजे होतंय. हे वाक्य मी मैदानावर सव्वीस वर्षं म्हणतो आहे. ही चटई गुंडाळत होती, ती गुंडाळतच राहिली.

ऑपरेटरबाईंनी आठ घातले आणि पाणी प्यायल्या. स्कोअर चाळीस-आठ.

१० मार्च, मंगळवार. संध्याकाळ

ही पाच वाजता कुठेतरी गेली होती. घर शांत. सरावाला उत्तम वातावरण.

हिने आल्यावर विचारलं, किती वेळ बसलात? म्हटलं, वीस मिनिटं. ती म्हणाली, गालावर पडद्याच्या वेलबुट्टीचा छाप उमटलाय. खरं टायमिंग नऊ मिनिटं, त्यातली पाच पडद्यावर डोकं टेकून.

(वर खरं लिहिलं आहे, म्हणजे नियम मोडलेला नाही. नियम वहीपुरताच होता.)

१३ मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. प्रकृती विचारली. मी बेस फेज, चार्ट, नाडीचे ठोके वगैरे सविस्तर सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, त्या मुलीच्या घरी जाऊन आलात का? मी म्हटलं, ते शेड्यूलमध्ये आहे. त्या म्हणाल्या, कुठल्या आठवड्यात? मी म्हटलं, शिखराच्या. त्यांनी फोन ठेवला. बहुधा रेंज गेली असावी.

ज्याअर्थी विषय निघाला आहे त्याअर्थी थोडक्यात नोंद. नववीतली मुलगी. आठशे मीटर. पायाला चाकं लावल्यासारखी पळते म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागलो, मग सगळी शाळा म्हणायला लागली. फेब्रुवारीतल्या विभागीय निवड स्पर्धेत फिनिशच्या दीडशे मीटर अलीकडे ती पडली. मी तिला उठण्यासाठी प्रोत्साहन दिलं. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. खेळात असं होतं.

ध्यान: ६ मिनिटं. संध्याकाळी ही पुन्हा बाहेर.

१७ मार्च, मंगळवार

ताईंनी नवीन ध्यान शिकवलं. डोळे मिटून एखाद्या माणसाला आठवायचं, आणि त्याचं भलं होवो असं मनातल्या मनात म्हणायचं. आधी आवडती माणसं, मग नावडती, मग शेवटी ज्याला आपण दुखावलं आहे तो माणूस.

यात पहिल्यांदाच मला योगाची एक शिस्तशीर चढण दिसली. वजन हळूहळू वाढवतात तसं! घरी येऊन चार्ट केला.

सर्वांत हलकं: इस्त्रीवाला. (त्याचं वाईट मी कधीच चिंतलं नाही.)
मग: माझी गाडी लावायची जागा बळकावणारा शेजारी.
मग: चित्रकलेचे सर, ज्यांनी स्पोर्ट्स रूममध्ये रंगाचे डबे ठेवले.
मग: मेहुणा.
शेवटी, सहाव्या आठवड्यात, पूर्ण तयारीनिशी: भिंगरी.

आज शेजाऱ्यापर्यंत मजल मारली. त्याचं भलं होवो म्हणताना दात आवळले गेले. पण म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार

पद्मासन चौथ्या आठवड्याचं टार्गेट होतं. तिसऱ्यातच केलं! शेड्यूलच्या पुढे!

झालं असं की आज ऑपरेटरबाई गप्पा मारता मारता पद्मासनात बसल्या. जणू पायात पाय अडकवून बसणं म्हणजे चष्मा पुसण्याइतकं सोपं. मीही बसलो. डावा पाय गेला. उजवा हाताने ओढून घेतला. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. हॉलमध्ये दोघांनी मागे वळून पाहिलं.

अकरा सेकंद टिकलो. सुटतानाच जरा अडचण आली. दोघांनी मिळून सोडवलं, त्यांतल्या एक ऑपरेटरबाई.

दुखणं: किरकोळ. शरीर जुळवून घेतंय.

२१ मार्च, शनिवार

जुळवून घेतंय.

२३ मार्च, सोमवार

गुडघ्याचा आकार बदलला आहे. सैल पायजमा घातला म्हणजे दिसत नाही. हिच्यासमोर चालायची वेळ आली की फोनवर बोलत असल्यासारखं भिंतीला टेकून उभा राहतो. काल असा चाळीस मिनिटं उभा होतो. ही म्हणाली, कोणाचा एवढा मोठा फोन? म्हटलं, शाळेचा.

आज सराव चालूच ठेवला. खंड पडला की फॉर्म जातो.

२४ मार्च, मंगळवार. दुपार

आज वर्गात जे झालं ते लिहायचं की नाही, यात तासभर गेला. लिहितो.

मी उजवा पाय न वाकवता वीरासन करत होतो, म्हणजे अर्धं वीरासन आणि अर्धं दुसरंच काहीतरी. ताई जवळ आल्या. हळूच विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पायजमा जरा वर करायला सांगितला. मी म्हटलं, कशाला उगाच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळा वर्ग थांबला होता. मी म्हटलं, थोडंसं.

कधीपासून?

शुक्रवारपासून.

मग सांगितलं का नाही?

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं ना!

वर्ग हसला. मीही हसलो. ऑपरेटरबाई तर डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. ही हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

जिना उतरताना, पाचव्या की सहाव्या पायरीवर, ते डोक्यात आलं. भिंगरीने सांगितलं होतं.

तिने दहा दिवस सांगितलं होतं. सर, पाय दुखतो. इथे, नडगीत. रात्री झोपल्यावरसुद्धा दुखतो. मी काय म्हणालो ते वर ९ मार्चच्या नोंदीत आहे.

२५ मार्च, बुधवार

डॉक्टर. गुडघ्यातली गादी फाटली आहे. आसनं बंद, महिनाभर. खुर्चीत बसून श्वास घेतलात तर माझी हरकत नाही, म्हणाले. ब्लडप्रेशर एकशे अडुसष्ट-एकशे चार.

डॉक्टरांनी विचारलं, शांत व्हायला म्हणूनच पाठवलं होतं ना तुम्हाला?

२७ मार्च, शुक्रवार. सकाळ

ध्यान नाही. खुर्चीत बसलो आहे. १३ तारखेची नोंद दुरुस्त करतो.

ती पडली तेव्हा मी कुंपणाशी होतो. पळत तिच्याजवळ गेलो. दोन शाळांची मुलं, त्यांचे पालक, पंच, सगळे होते. ती पाय पोटाशी घेऊन आडवी पडली होती आणि रडत नव्हती, फक्त तोंड उघडं होतं. मी ओरडलो, ऊठ, नाटक करू नकोस. ती उठायला लागली. खरंच उठायला लागली. त्या पायावर उभी राहिली, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा पडली. मग मी पुन्हा ओरडलो, तेच.

डॉक्टर नंतर म्हणाले, चीर आधीची असेल, पण त्या एका पावलाने हाड सरकलं.

याला मी दोन आठवड्यांपूर्वी प्रोत्साहन लिहिलं आहे. खोडत नाही. राहू दे तसंच.

३० मार्च, सोमवार

जायचं. पण एकदम नाही. इतकी वर्षं खेळाडू घडवलेल्या माणसाने तयारीविना मैदानात उतरू नये.

पहिला दिवस: तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत.
दुसरा: इमारतीपर्यंत.
तिसरा: जिना.
चौथा: बेल.

आज गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. काठी घेऊन. टार्गेट पूर्ण. परत येताना मन हलकं झालं होतं, जणू माफी मागूनच आलो. मग घरी आल्यावर कळलं, की नाही.

३१ मार्च, मंगळवार

इमारतीपर्यंत. तळमजल्यावर तिच्या आईचं शिलाईचं दुकान आहे, हे माहीत होतं. ती दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसलेली असेल, हे माहीत नव्हतं.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. पळून जायला गुडघा नव्हता. मी म्हटलं, पँट आखूड करायची होती.

तिने विचारलं, कुठली? माझ्या हातात काहीच नव्हतं. मी म्हटलं, ही. घातलेली.

तिने मला आत आरशासमोर उभं केलं. खाली बसून टेपने माप घेतलं, खडूने खूण केली. माझ्या पायाशी बसलेली ती बाई, आणि वर मी. ती म्हणाली, पाय सरळ ठेवा, सर. म्हणजे ओळखलं होतं. मी म्हटलं, उजवा सरळ होत नाही. ती म्हणाली, दुखतोय? मी हो म्हटलं. मग बसा की, असं म्हणून स्वतःची खुर्ची पुढे केली.

मी बसलो. समोर मशीन, भिंतीवर दोऱ्यांची रिळं. वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तिने वर पाहिलं, मीही पाहिलं. चुकलं माझं, हे दोन शब्द. सव्वीस वर्षं अर्ध्या मैदानावरून ओरडणारा हा गळा. दोन शब्द निघाले नाहीत.

ती म्हणाली, पँट उद्या आणून द्या, अंगावरची शिवता येत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

काल पँट दिली, आज आणली. दोन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललो. पँट खरं तर बरोबर मापाची होती. आता घोट्याच्या वर येते. ही म्हणाली, पँट आखूड कोणी केली? मी म्हटलं, फॅशन आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

आज आणखी एक पँट दिली.

४ एप्रिल, शनिवार

आता माझ्याकडे घोट्याच्या वरच्या दोन पँटी आहेत आणि जिना अजून चढलेलो नाही.

७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ

ही पाच वाजता निघाली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, कुठे चाललीस?

ती चप्पल घालत होती. म्हणाली, भिंगरीकडे.

फेब्रुवारीपासून ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याकडे जाते. तिचं गणित राहायला नको म्हणून. ही पूर्वी गणित शिकवायची, तिच्या हाताखालची मुलं अजून रस्त्यात हिला वाकून नमस्कार करतात. पाच आठवडे मी या वहीत माझ्या नाडीचे ठोके मोजतो आहे आणि आठवड्यातून दोनदा बायको कुठे जाते ते मला ठाऊक नव्हतं. वातावरण शांत आहे, उत्तम आहे, एवढंच लिहीत होतो.

मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

मग दारात थांबून म्हणाली, त्या दोन्ही पँटींबद्दल तिच्या आईने मला विचारलं होतं. आधी शिवू नका म्हणाले मी. मग म्हटलं शिवा, येऊ दे त्यांना तेवढ्यासाठी तरी.

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळ

काल गेलो. हिने बरोबर येऊ का विचारलं. मी नको म्हटलं आणि मग संपूर्ण रस्ताभर पश्चात्ताप केला.

तिच्या आईने दुकानातून नुसतं वर बोट दाखवलं. अठरा पायऱ्या. प्रत्येकीवर दोन्ही पाय टेकवत.

भाषण तयार होतं. तीन मिनिटांचं, सुरुवात, मध्य, शेवट. भिंगरी खिडकीशी बसली होती. पाय स्टुलावर, प्लास्टरवर मैत्रिणींनी काढलेली चित्रं. मांडीवर हिने दिलेली गणिताची वही. मला बघितल्याबरोबर ती उठायला लागली, सर आले की उठायचं म्हणून. मी ओरडलोच, उठू नकोस! ती दचकली. मीही.

भाषण तिथेच संपलं. मी म्हटलं, चुकलं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आणि मैदानात जे बोललो ते...

ती म्हणाली, सर, तुम्ही बसा ना, तुमचा पण पाय सुजलाय.

मी बसलो. मग मी मूर्खासारखं विचारलं, प्लास्टर निघाल्यावर पुन्हा धावशील ना? घाई नाही, अगदी हळूहळू, मी सगळं नीट...

ती नाही म्हणाली. फार आदराने नाही म्हणाली. मी विचारलं, पाय दुखेल म्हणून?

तिने मान हलवली. वहीच्या कोपऱ्याशी खेळत म्हणाली, पायाचं नाही सर. तुम्ही नाटक म्हणालात ना, तेव्हा मला पण वाटलं, खरंच नाटक करतेय की काय मी. तुम्हाला जास्त कळतं ना. मग हॉस्पिटलमध्ये फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले हाड मोडलंय. मला इतकं बरं वाटलं सर. म्हणजे मी खोटं नव्हते करत.

हाड मोडलं म्हणून बरं वाटलं. चौदा वर्षांची मुलगी.

तिने मला एक गणित विचारलं, मला आलं नाही. निघताना ती म्हणाली, सावकाश उतरा सर, खालच्या वळणावर पायरी मोडकी आहे.

खाली तिच्या आईने काही विचारलं नाही. मीही पँटचं काही काढलं नाही.

११ एप्रिल, शनिवार

माफी मागितली की हलकं वाटतं, असं ताई म्हणतात. वाटलं नाही. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हलकं वाटावं म्हणून गेला होतात का? नंतर हॉलच्या कोपऱ्यातली खुर्ची मला ओढून दिली. ऑपरेटरबाईंनी स्वतःची उशी माझ्या पाठीशी लावली. श्वास घेतला. स्टॉपवॉच नेलं नव्हतं.

१३ एप्रिल, सोमवार. शाळेतून आल्यावर

रजा संपली. मुख्याध्यापिकाबाईंना सकाळीच सांगितलं की यंदा स्पर्धेचा संघ दुसऱ्या कोणी घ्यावा. त्या म्हणाल्या, ते आम्ही मार्चमध्येच चित्रकलेच्या सरांना दिलं. मला नुसते सहावीचे तास.

पहिलाच तास. सहावी ब, अडतीस मुलं. मैदानाला एक चक्कर, सावकाश, असं म्हटलं. एक मुलगा पुढे आला. सर, पोट दुखतंय.

सव्वीस वर्षांचा अनुभव सांगत होता की याचं पोट बिलकूल दुखत नाही. डोळे लबाड, हात चुकीच्या ठिकाणी, खिशात गोट्या. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे. मी म्हटलं, बस बाळा.

तो भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. लगेच दुसरा आला, पोट. मग एक मुलगी, डोकं. मग दोघं मिळून, पाय. मी एकेकाला विचारलं, कुठे, कधीपासून, फार का. सगळ्यांनी बरोबर उत्तरं दिली. सगळ्यांना म्हटलं, बस. दहा मिनिटांत आख्खी सहावी ब भिंतीला ओळीने टेकून बसली होती आणि मैदानावर मी एकटा काठी धरून उभा.

मुख्याध्यापिकाबाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. खाली आल्या. विचारलं, सर, हे काय?

मी म्हटलं, यांना दुखतंय.

सगळ्यांना?

हो म्हणतात.

बाईंनी ओळीकडे पाहिलं. ओळीने पोटं घट्ट धरली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि तुमचा विश्वास बसला?

मी म्हटलं, बाई, मला ओळखता येत नाही. आधीही येत नव्हतं.

त्या परत गेल्या. मग मीही जाऊन ओळीच्या शेवटी बसलो. शेजारच्या मुलीने जरा सरकून जागा दिली. बेल व्हायला अजून बावीस मिनिटं होती.